तळ्यावरची हाक

बुधवार, घट बसायला चार दिवस

ही डायरी जितेंद्रच्या हापिसात गेल्या वर्षी फुकट मिळाली होती. आत वार-तारखा छापल्यात, पण त्या शिळ्या. मी संपदाला विचारलं, शिळ्या तारखांवर लिहिलेलं चालतं का? ती म्हणाली, "आजी, शिळा भात फोडणीला टाकताना कुणाला विचारतेस? लिही बिनधास्त. वार तुझा तू टाक." म्हणून टाकला.

मी दुसरीपर्यंत शिकले. त्यातलं आठवतं ते एवढंच, की 'पानी' लिहिलं म्हणून बाईंनी हातावर पट्टी मारली होती. आमच्या खाडीकाठी सगळे पानीच पीत, मला काय ठाऊक. पुढं लावणी आली आणि शाळा राहिली ती राहिलीच.

आम्ही विरारला तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. गाव सोडून पाच वर्षं झाली. गेल्या होळीपासून मी जमिनीला पाय लावलेला नाही, गुडघे वर आले ते वरच राहिले. जितेंद्र, म्हणजे माझा मुलगा, म्हणतो, "आई, जिन्यात पडलीस तर उचलायला घरात कोण आहे?" तो आणि सूनबाई हेमांगी सकाळी मुंबईला जातात ते दिवे लागल्यावर येतात. गॅलरीला लोखंडी पिंजरा बसवलाय. चिमण्या बाहेर उडतात, मी आतून बघते. पूर्वी लोक पाखराला पिंजऱ्यात ठेवायचे.

पण यंदा देव पावला. आषाढापासून संपदा, माझी नात, दिवसभर घरी असते! कॉलेजच्या सरांनीच सांगितलं म्हणे, घरी बसून अभ्यास कर. एकोणीस वर्षांची घोडी, आधी घरात टिकायची नाही. पाठीवर पिशवी टाकून मैत्रिणींबरोबर आज हा डोंगर, उद्या तो किल्ला. आता माझ्याजवळ बसून लसूण सोलते. मला तर म्हातारपणी लॉटरी लागली.

शुक्रवार

पोरगी किती गुणाची झाली ते लिहायचं राहिलं. इथं पाण्याची बोंब, टँकर दिवसाआड येतो. आधी हीच मुलगी दोन-दोन बादल्या अंगावर ओतायची, हेमांगी बाहेरून दार वाजवायची. आता एका तांब्यात आंघोळ. ओलं फडकं फिरवते आणि बाहेर. केस तर रविवारी हेमांगी वाटी-वाटीनं धुऊन देते. नळाची नुसती धार लागली तरी धावत जाऊन बंद करते. मी हेमांगीला म्हटलं, बघ, पोरीला पाण्याची किंमत कळली. हेमांगी तशी कमीच बोलते. पदरानं चष्मा पुसत बसली.

मीरा मात्र येत नाही आता. मीरा म्हणजे संपदाची मैत्रीण. दर शनिवारी यायची आणि "आजी, जवळा केलाय का?" म्हणत सरळ स्वयंपाकघरात शिरायची. सुक्या जवळ्याची चटणी आणि तांदळाची भाकरी, तीन-तीन खायची, काटकुळी असून. जितेंद्र म्हणाला, सांगलीला मामाकडे शिकायला गेली. जाताना भेटून गेली नाही. एवढ्या भाकऱ्या खाल्ल्या, निदान पायरीवरून हाक मारायची होती. हल्लीच्या पोरी.

दुसरी माळ

गॅलरीच्या कोपऱ्यातून, शेजारच्या बिल्डिंगच्या टाकीला लागून, बोटभर डोंगर दिसतो. आज लाईट गेली तेव्हा आम्ही दोघी तिथं बसलो. संपदा म्हणाली, काहीतरी सांग. मी म्हटलं, त्या डोंगरांत आमचं तळं आहे. आणि मग मी सुटलेच.

आमच्या गावच्या बायका नवा तांदूळ कांडला की त्या तळ्यावर जायच्या. बाप्यांनी यायचं नाही. खाडीकाठचं गाव, पाण्यानं नेलेलं माणूस घरटी एक तरी असायचंच. नव्या तांदळाची पहिली भाकरी तळ्याच्या काठी पानावर ठेवायची आणि त्या माणसाला जेवायला हाक मारायची. जिनं त्याला शेवटचं बघितलं, तिनंच हाक मारायची. दुसरीची चालत नाही. मग वळायचं आणि जांभळीच्या झाडापर्यंत मागे बघायचं नाही. माझा भाऊ श्रीपत होडीतून गेला तेव्हा बांधावर मी होते, आठ वर्षांची. म्हणून आईनं मला नेलं. डोंगर चढून मी इतकी दमले की हाक मारायच्या आधी तीन केळी खाल्ली, आणि आईनं पाठीत धपाटा घातला. माझ्या लग्नानंतर गावच्या बायका जाईनाशा झाल्या. आता भाऊ वाट बघत असेल, कमळी आली नाही, जेवायला वाढलं नाही.

संपदा म्हणाली, "आजी, नात्यातलंच माणूस लागतं का?"

"छे गं. ज्यानं आपल्या घरी घास खाल्ला तो नात्यातलाच."

"आणि हाक नाही मारली तर?"

"तर तो बिचारा तिथंच उभा राहतो. आणि आपणसुद्धा."

मग मी तिला तळं कसं लागतं ते सांगितलं. कामणच्या बाजूनं चढायचं. आई म्हणायची, याच तळ्याचं पाणी उतरत उतरत चिंचोटीला धबधब्यात पडतं. एवढं ऐकलं आणि पोरगी उठून आत गेली. डोकं दुखतंय म्हणाली. उन्हात बसवलं मी, माझीच चूक.

दसरा

आज दसऱ्याला मी सोनं देताना म्हटलं, संपदा, मला तळ्यावर ने. मला वाटलं हसेल. हसली नाही. जितेंद्र बाहेर गेल्यावर तिनं जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि मला विचारत विचारत नकाशा काढला. बसलेल्या म्हशीसारखा खडक, मग चिंचेचं मोठं झाड, मग जांभूळ. डोंगराच्या चढाला कशा रेघा काढायच्या ते तिला येतं. हात भराभर चालत होता, जीभ दातात धरली होती, लहानपणी रांगोळी काढायची तशी.

"पण आजी, आधी तुला तीन मजले उतरावे लागतील हं."

असं म्हणाली आणि जरा मोकळी होऊन हसली. म्हणजे तिला वाटतं मी उतरणार नाही. थांब, दाखवते.

सोमवार

गुडघ्यांना तिळाचं तेल चोळून आज मोहीम सुरू. लिडिया आली होती. लिडिया भुईगावची, टोपलीतून भाजी घेऊन बिल्डिंगी बिल्डिंगी फिरते. आमची ओळख दोघी परकरात होतो तेव्हाची, माझ्या बापाच्या बांधाला तिच्या बापाची केळीची वाडी होती. तिच्या खांद्याला धरून मी आठ पायऱ्या उतरले आणि आठ चढले. लिडिया म्हणते, "गो कमळे, तुझ्यापेक्षा माझी टोपली हलकी."

संपदा दारात पायपुसण्यावर बसून बघत होती. मी म्हटलं, चल की तू पण. तर म्हणे, मी इथूनच मोजते. पायपुसण्याच्या बाहेर अंगठासुद्धा टाकला नाही. शिस्तीची झालीये.

मंगळवार, दिवाळी तोंडावर

लिडियाच्या लोकांचा आज मेलेल्यांचा दिवस. थडग्यांवर मेणबत्त्या लावतात, फुलं घालतात. ती सकाळी चर्चमधून थेट इकडे आली. संपदा आत झोपली होती. टोपली उतरवता उतरवता लिडिया म्हणाली, "सगळ्यांच्या नावानं लावल्या. बापसाच्या, आयसच्या. आनि तुज्या नातीच्या त्या मैतरनीच्या नावानं पन एक लावली. बारीक पोर, देवा."

मी म्हटलं, "कोन मैत्रीण?"

तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि टोपलीतलं अळू उगाच वरखाली केलं.

"तुला सांगितला नाय?"

आषाढात चिंचोटीला कॉलेजच्या पोरी गेल्या होत्या. पाणी वरून एकदम आलं. मीरा आणि संपदा हाताला हात धरून होत्या. लिडियाच्या भाच्यानं, प्लासिडनं, रिक्षातून संपदाला घरी आणलं होतं. ती रात्र मला आठवते. जितेंद्र म्हणाला होता, पोरीला ताप आहे, आई तू झोप. मी झोपले.

आज एवढंच लिहिते.

गुरुवार

दोन दिवस मी काही लिहिलं नाही. संपदाला काही विचारलं नाही. तिनं लसूण सोलला, मी बघत बसले.

एका तांब्यात आंघोळ. मी बाई कौतुक करत होते. शेजारच्या आशालताला बोलावून सांगितलं होतं, बघा आमची पोरगी पाणी कशी वाचवते. आणि तळ्याची गोष्ट मी किती रंगवून सांगितली, केळी खाल्ली आणि धपाटा खाल्ला. पोरीनं ती सगळी ऐकून घेतली आणि वर विचारलं, नात्यातलंच लागतं का.

रात्री जेवताना मी जितेंद्रला म्हटलं, मीराचं पत्र आलं का रे सांगलीहून? त्याचा घास हातात राहिला. म्हणाला, "नाही आई." डोळे ताटात. मी म्हटलं, असू दे, जेव. त्यालाही कुणी धरून ठेवलंय. कुणाकुणाला सोडवू?

नरक चतुर्दशी

पहाटे उटणं लावायला मी बसले. संपदानं हात, पाय, मान पुढं केली. उटण्याचा वास सगळ्या घरात. मग जितेंद्रनं बादली उचलली, पहिला तांब्या डोक्यावर घालायचा म्हणून. तिनं भिंतीला पाठ लावली. "बाबा नको. मी करते. मी करते ना." जितेंद्र तांब्या हातात घेऊन उभा, त्याचं पाणी त्याच्याच पायावर सांडत होतं.

हेमांगीनं येऊन तांब्या काढून घेतला, वाटी आणली आणि दार लोटलं. बाहेर फटाके फुटत होते. मी कारीट घेऊन बसले होते, ते फोडायचं राहिलं.

एक ठरवलं. आता मी तळ्यावर जाणार, आणि ही मला नेणार. जिनं शेवटचं बघितलं तिनंच हाक मारायची, मी तिच्या वतीनं मारली तर चालणार नाही. आणि ही या पायपुसण्यावर म्हातारी होईल. माझं काय, माझं झालं. एकोणीस वर्षांची पोर पिंजऱ्यातून बोटभर डोंगर बघणार का?

तुळशीच्या लग्नानंतर, सोमवार

आज मी नाटक केलं. आठ पायऱ्या उतरून वळणावर बसले आणि लिडियाला डोळा मारून म्हटलं, तू जा, तुझी गिऱ्हाइकांची वेळ झाली. ती गेली. मग मी ओरडले, "संपदे! गुडघा अडकला गं! उठवत नाही!"

"आजी, कठड्याला धर."

"धरला. तोही हलतोय."

"मी बाबांना फोन करू?"

"मुंबईहून येऊन उठवेल होय? तोवर मांजरं खातील मला."

शेवटी अनवाणी पावलांचा आवाज, एकेक. आली. मला उठवलं आणि असं वर ओढत नेलं की माझा खरंच गुडघा दुखावला. पण खाली उतरली होती! आठ पायऱ्या! मी आत जाऊन देवापुढं साखर ठेवली आणि निम्मी मीच खाल्ली.

शनिवार

रोज माझा गुडघा एक वळण खाली अडकतो. आज दुसऱ्या मजल्याखाली अडकला. संपदा मला उठवता उठवता म्हणाली, "आजी, तू नाटक करतेस ना?"

"गुडघा माझा, मला नाटक कशाला?"

"मग आज नेमका शुभांगीताईंच्या दाराच्या अलीकडेच कसा दुखतो? त्यांच्याकडे वड्या असतात म्हणून?"

जुनी संपदा बोलली. चार महिन्यांनी. वड्या खरंच होत्या, कोथिंबिरीच्या.

मंगळवार

वाईट झालं. आज जमिनीला पाय लागले, तिचे आणि माझे. मी म्हटलं, बघ, माती. तेवढ्यात टँकर आला. पाईप टाकीला लावताना सुटला आणि पाणी सगळीकडे, धो धो, आमच्या पायांपर्यंत. पोरांनी नाच सुरू केला. मी वळते तर संपदा नाही. मला तिथंच टाकून तीन मजले धावत गेली होती. आशालताच्या मुलानं मला धरून वर आणलं. दाराला आतून कडी. मी बाहेर पायपुसण्यावर बसले. म्हटलं, उघडू नकोस, मी इथं बसते, मला बाहेर बसायची हौसच आहे. हेमांगी यायच्या थोडं आधी दार उघडलं.

म्हणाली, "तुला टाकून पळाले मी. मी अशीच आहे आजी."

मी म्हटलं, चहा टाक.

रविवार

जितेंद्रला नकाशा सापडला. गादीखाली होता. आयुष्यात कधी माझ्यावर आवाज चढवला नाही पोरानं, आज चढवला. "डोंगर? तळं? आई, तुला कळतंय का काही?"

"कळतंय," मी म्हटलं. "लिडियानं सांगितलं. तू नाही सांगितलंस."

तो खाली बसला. "तुझं बीपी..."

"माझं बीपी पोरीच्या लग्नात काढ. तिला कुठवर असं ठेवशील?"

"मी दोघींना सोडून आलो होतो तिथं गेटपर्यंत," तो म्हणाला. "स्कूटरवरून दोघींना एकदम. मीरा मध्ये बसली होती. मीराच्या वडिलांना मी काय सांगितलं असेल आई? माझी आहे, तुमची नाही?" नकाशाची गुंडाळी करून माळ्यावर टाकली. तिथंच संपदाचे डोंगरावरचे बूट आहेत, आषाढात टाकले तसे, चिखलासकट. माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणाला, "त्या डोंगराचं नाव या घरात काढायचं नाही. शपथ आहे तुला." आणि सकाळी जाताना दाराला बाहेरून कडी-कुलूप घालून चावी आशालताकडे ठेवायची, असं ठरलं. माझ्या गुडघ्यांसाठी म्हणे.

हेमांगी कणीक मळत होती. मळतच राहिली. शेवटी कणकेचा नुसता चिकट गोळा झाला.

मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार

दहा दिवस कडीत. लिडिया दाराबाहेरून बोलते, "कैदी नंबर एक, कैदी नंबर दोन, मेथी पायजे का?" आशालता उघडून देते, भाजी आत, पुन्हा कडी. हसायला येतं, पण दुपारी चार वाजता येत नाही. चार वाजता ऊन गॅलरीच्या गजांतून आत येतं आणि फरशीवर पिंजरा पडतो, आणि आम्ही दोघी त्यात बसलेल्या.

आज हेमांगीचा गुरुवार होता. पूजा झाल्यावर मी तिला प्रसादाची केळी वाढत होते. ती एकदम म्हणाली, "तुमच्या त्या तळ्यावर आई नेते का मुलीला? का आजी?"

मी म्हटलं, "मला आईनं नेलं. पण बाई असली म्हणजे झालं."

"मला रजा मिळत नाही," ती म्हणाली. मग थाळी उचलून आत गेली. असं तुटक बोलते, पुढचं मागचं लागत नाही.

लिडियानं वाडीतले नवे तांदूळ आणून दिलेत. डब्यात आहेत.

मंगळवार, नाताळाला चार दिवस

पाय पाण्यात बुडवून बसलेय आणि लिहितेय. सगळं सांगते.

पहाटे भाकऱ्या टाकल्या. दोन. आणि जवळ्याची चटणी. जितेंद्रला वास आला, म्हणाला, "सकाळी सकाळी जवळा?" मी म्हटलं, तोंडाला चव नाही. दोघं गेले. मी कडीचा आवाज यायची वाट बघत बसले, कारण लिडिया आशालताकडून चावी आणणार असं ठरलं होतं. आवाज आला नाही. दार ढकललं तर उघडं! हेमांगी मागून निघाली होती, विसरली असणार. आणि दाराबाहेर संपदाचे बूट. माळ्यावरचे. धुतलेले, नाड्या नव्या, आणि उजव्या बुटात नकाशाची गुंडाळी. माझा हात काही माळ्यापर्यंत पोचत नाही. संपदा तर तिकडे बघतही नाही. कुणी काढले देव जाणे.

संपदा त्या बुटांकडे बघत राहिली. मी म्हटलं, "श्रीपत साठ वर्षं उपाशी आहे. मी चालले. तू नाही आलीस तर मी कुठं अडकेन तिथं अडकेन." खोटं नव्हतं, लिडियाला मी डोळा मारला नव्हता. एक पायरी उतरले, दुसरी उतरले. मागून नाड्या बांधल्याचा आवाज आला. नाड्यांना आवाज नसतो, पण मला आला.

खाली लिडियानं धाडलेला प्लासिड रिक्षा घेऊन उभा. संपदा त्याला ओळखून थबकली. त्यानं नुसतं सीटवरचं फडकं झटकलं. चिंचोटीचा फाटा आला तेव्हा तिनं डोळे मिटून माझा हात धरला, असा की बांगडी वाकली. प्लासिड मान न वळवता म्हणाला, "गेला फाटा."

चढताना मी लाज आणली. चार पावलं आणि बसकण. एका जागी तर बसल्याबसल्या सरकत गेले, पातळाची वाट लागली. म्हशीचा खडक सापडला, पण चिंच नाही. पुढं तीन वाटा. मी म्हटलं, ही. थोडं चाललो, कारवीचं रान लागलं, वाट संपली. दुसरी घेतली, तीपण संपली. मला रडू आलं. एवढ्या वर्षांचं पाठ होतं माझं.

संपदानं नकाशा बघितला, मग जमिनीकडे. खाली एक ओहोळ होता, कोरडा, नुसते गोटे. ती म्हणाली, "पाणी इथून खाली आलं." मला वाटलं आता पळणार. पण म्हणाली, "म्हणजे तळं वर. ओहोळ धरून चढू." आणि पुढं झाली. गोट्यावर पाय ठेवायची, हलवून बघायची, मग मला म्हणायची, "इथं ठेव. इथं नको." पुढं ती, मागं मी. आईनंतर मला कुणी असं डोंगरावर नेलं नव्हतं.

तळं केवढंसं! मला समुद्र आठवत होता. काठाला शेवाळ, एक खंड्या, पलीकडे दोन म्हशी. जांभूळ मात्र आहे, खोड पोकळ झालंय. संपदा जांभळीपाशीच थांबली. मी एकटी काठाला गेले, सागाच्या पानावर भाकरी ठेवली आणि हाक मारली. "श्रीपत! ये रे, जेवायला ये!" आवाज फाटला. आठ वर्षांची होते तेव्हा बरा लागला होता. वळून परत आले, मागे बघितलं नाही.

दुसरी भाकरी आणि जवळा डब्यासकट तिच्या हातात दिला.

ती म्हणाली, "हात माझ्याकडून सुटला आजी. तिनं नाही सोडला. मी."

मी म्हटलं, "श्रीपतनं मला चल म्हटलं होतं होडीत. मी चिंचा खात होते."

"ते वेगळं."

"वेगळंच. पण भाकरी गार होतेय. तिला गार आवडत नाही."

ती गेली. मी जांभळीकडे तोंड करून उभी राहिले, तिनं वळून येईपर्यंत बघायचं नाही म्हणून. खोडावर मुंग्या चढत होत्या. हाक नाही. म्हशींच्या शेपट्यांचा आवाज. मग अगदी हळू, शेजारच्या खोलीतल्या माणसाला हाक मारावी तशी, "मीरा." पुन्हा काही नाही. मग एवढ्यानं ओरडली, "मीराऽऽऽ! जवळा केलाय आजीनं!" की म्हशी उठल्या. डोंगरानं ते परत पाठवलं.

आणि मग पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज.

मी मागे बघितलं. आईनं सांगितलेलं मोडलं. माझ्या मागं जिवंत पोर होती, काय करू.

ती काठावर बुटांसकट घोट्याएवढ्या पाण्यात बसली होती. डब्याचं झाकण बुडवत होती आणि डोक्यावर ओतत होती. बुडवत होती, ओतत होती. रडत होती, मोठ्यानं, पोर पहिल्यांदा रडतं तशी. मी धावले नाही. मला धावता येत नाही, पण येत असतं तरी धावले नसते. जांभळीला धरून उभी राहिले.

तोच मंगळवार, संध्याकाळ

जितेंद्र आला तेव्हा आम्ही पोचून तास झाला होता. वाळत घातलेले बूट बघितले, माझं पातळ बघितलं. कुठं गेला होता, असं विचारायला तोंड उघडलं आणि थांबला. न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता. तांब्यानं नाही, बादलीनं. ओतल्याचा. पहिली संपली, नळाखाली दुसरी लावल्याचा आवाज आला.

"उद्या टँकर नाही," जितेंद्र म्हणाला. उगाचच म्हणाला.

हेमांगी आत्ताच आली होती, खांद्याची पिशवीसुद्धा उतरवली नव्हती. न्हाणीघराच्या दारापाशी जाऊन उभी राहिली. मला वाटलं, पूर्वीसारखी दार वाजवणार. तिनं स्वयंपाकघरातला प्यायच्या पाण्याचा हंडा उचलला, दारापाशी ठेवला आणि म्हणाली, "संपदा, हा पण घे."